चित्रकथेतील नायक आणि कथासातत्य : ली फॉक, आबिद सुरती व भा. रा. भागवत यांच्या लेखनाचा तौलनिक विचार

प्रस्तावना

दिवाळीनंतर भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील गावोगावी मंडई भरते आणि रात्री दंडार किंवा खडीगंमत उभी राहते. तेथे पुराणातील एखादे ओळखीचे पात्र रंगमंचावर आले, तर ते मागील वर्षी शेजारच्या गावी काय बोलले होते, याचा हिशेब प्रेक्षक मागत नाही. पात्र सर्वांच्या परिचयाचे असते, त्याची कथा ठाऊक असते आणि प्रत्येक मंडळी ती आपल्या पद्धतीने नव्याने उभी करते. मौखिक परंपरेतील नायक कोणा एका लेखकाच्या मालकीचा नसल्यामुळे त्याच्या चरित्रातील विसंगतीचा जाब विचारावा असा कोणी एक लेखकही नसतो.

छापील मालिकेतील नायकाची स्थिती याहून वेगळी आहे. त्याला निर्माता असतो, अंकाला क्रमांक असतो आणि मागील अंक वाचकाच्या घरात जपून ठेवलेला असतो. चौथ्या अंकात अविवाहित असलेला नायक दहाव्या अंकात दोन मुलांचा पिता झाला, तर मधल्या काळात काय घडले, हे विचारण्याचा अधिकार वाचकाला प्राप्त होतो. वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकेत नायकाचा भूतकाळ, त्याचे वय, त्याची नाती आणि त्याच्या कृतींचे परिणाम एका कथेतून दुसऱ्या कथेत कसे नेले जातात, यालाच येथे ‘कथासातत्य’ असे म्हटले आहे.

मराठी समीक्षेत या प्रश्नाचा विचार फारसा झालेला नाही. चित्रकथा व साहसकथा हे बालवाचनाचे साहित्य मानले गेल्यामुळे त्यांच्या रचनेकडे गांभीर्याने पाहण्याची गरज भासली नसावी. तथापि मराठी वाचकांच्या किमान दोन पिढ्यांची वाचनाची सवय याच साहित्याने घडविली आहे. त्यामुळे या साहित्याने वाचकाला काळाविषयी, परिणामांविषयी आणि स्मरणाविषयी नेमके काय शिकविले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून मराठीत आलेला ली फॉक यांचा वेताळ, त्याच प्रकाशनातील आबिद सुरती यांचा बहादूर आणि भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे या तीन नायकांच्या आधारे कथासातत्याच्या तीन पद्धतींची तुलना केली आहे. फास्टर फेणे हा गद्य साहसकथांचा नायक होय. परंतु दीर्घकाळ चाललेल्या मालिकेचा अस्सल मराठी नायक म्हणून या तुलनेत त्याचे स्थान अपरिहार्य आहे. या तिघांपैकी कोणाहीजवळ दैवी शक्ती नाही. तरीही संकटात धावून येणारा आणि पुन्हा पुन्हा परत येणारा नायक या अर्थाने हे तिघेही महानायकाच्या परंपरेत बसतात.

कथासातत्याची संकल्पना

इटालियन विचारवंत उम्बेर्तो एको यांनी 1962 मध्ये सुपरमॅनवर लिहिलेल्या निबंधात या प्रश्नाचे मूळ दाखवून दिले. माणूस कृती करतो तेव्हा त्याच्या आयुष्यातील काही काळ खर्ची पडतो आणि तो मृत्यूच्या दिशेने एक पाऊल पुढे जातो. मालिकेच्या नायकाने मात्र दर आठवड्याला कृती करावयाची आणि तरीही संपावयाचे नाही, अशी अपेक्षा असते. म्हणून लेखक ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांतील सीमा पुसट करतो. प्रत्येक कथा जणू पहिल्यापासून सुरू होते आणि मागील कथेची आठवण नव्या कथेत येत नाही, असे एको यांच्या विवेचनाचे सूत्र आहे.

ही रचना भारतीय वाचकाला नवी नाही. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त समाविष्ट असलेली वेतालकथांची माला याच तत्त्वावर उभी आहे. राजा प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ कथा सांगतो, राजा मौन मोडतो आणि प्रेत पुन्हा झाडाला जाऊन लटकते. ‘चांदोबा’ मासिकाने विक्रम-वेताळाची हीच चौकट वर्षानुवर्षे चालविली. कोणताही अंक हाती आला तरी वाचकाला कथा पूर्ण मिळत असे. मात्र मूळ रचनेत एक गोष्ट लक्षणीय आहे. अखेरच्या कोड्यावर राजाला उत्तर सापडत नाही, तो गप्प राहतो आणि कथाचक्र पुढे सरकून समाप्तीकडे जाते. म्हणजे पुनरावृत्तीच्या या रचनेलाही शेवट आहे आणि तो नायकाच्या मौनातून येतो. मासिकाला असा शेवट परवडणारा नव्हता.

अमेरिकन चित्रकथेत 1961 नंतर स्टॅन ली यांनी चित्रकार जॅक कर्बी व स्टीव्ह डिटको यांच्या साहाय्याने याच्या उलट दिशा धरली. त्यांचे नायक एकाच शहरात राहतात, एकमेकांना भेटतात आणि मागील प्रसंग लक्षात ठेवतात. संबंधित प्रसंग कोणत्या अंकात आला होता, हे चौकटीखालील टिपेत सांगण्याची प्रथा त्यांनी रूढ केली. पीटर पार्कर 1965 मध्ये शाळा सोडून महाविद्यालयात गेला आणि 1973 मध्ये गेरी कॉनवे यांनी लिहिलेल्या कथेत त्याची प्रेयसी ग्वेन स्टेसी मरण पावली. परिणाम टिकतात, हा या पद्धतीचा विशेष होय. मात्र साठत गेलेल्या भूतकाळाचे ओझेही लेखकांना जाणवू लागले. प्रतिस्पर्धी संस्थेने 1985-86 मध्ये मार्व्ह वुल्फमन व जॉर्ज पेरेझ यांच्या 12 अंकी मालिकेद्वारे आपली अनेक समांतर विश्वे मोडून एकच विश्व केले. पुढे 2007 मध्ये स्पायडरमॅनचा 1987 साली झालेला विवाह एका सैतानी सौद्याद्वारे घडलाच नाही, असे ठरविण्यात आले. वीस वर्षांचा संसार एका कथेत पुसला गेला. सातत्याचा आग्रह धरणाऱ्या परंपरेलाच अखेर विस्मरणाचा आधार घ्यावा लागला, हा या इतिहासातील विरोधाभास आहे.

ली फॉक : शपथेचा वारसा

ली फॉक (1911-1999) यांनी 1934 मध्ये जादूगार मँड्रेक आणि 17 फेब्रुवारी 1936 रोजी फँटम या नायकाची वृत्तपत्रीय चित्रमालिका सुरू केली. फँटमची पहिली कथा कथासातत्याच्या दृष्टीने उद्बोधक आहे. प्रारंभी जिमी वेल्स नावाचा श्रीमंत व ऐषारामी तरुण हाच मुखवट्यामागील नायक असावा, असे फॉक यांच्या मनात होते. कथा चालू असतानाच त्यांनी तो विचार सोडला आणि नायकाला जंगलात नेऊन त्याच्यामागे शतकांची वंशपरंपरा उभी केली. वृत्तपत्रात रोज छापली जाणारी कथा मागे जाऊन दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे जिमी वेल्सचा धागा तसाच लोंबकळत राहिला आणि मालिकेचा पाया एका टाकून दिलेल्या कल्पनेवर रचला गेला.

या नव्या कल्पनेत मात्र विलक्षण रचनाचातुर्य आहे. सोळाव्या शतकात चाच्यांच्या हल्ल्यात पित्याला गमावलेला एक तरुण पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून अन्यायाविरुद्ध लढण्याची शपथ घेतो. त्याचा मुलगा, नातू, पणतू याच वेशात तीच शपथ पुढे नेतात. जगाला वाटते की हा पुरुष अमर आहे. वस्तुतः प्रत्येक नायक मरतो आणि आजचा नायक एकविसावा आहे. एको यांनी मांडलेला पेच फॉक यांनी असा सोडविला. नायक संपतो, परंतु मुखवटा संपत नाही. कवटीच्या गुहेत पूर्वजांनी लिहून ठेवलेल्या बखरी असतात. त्यामुळे लेखकाला हव्या त्या शतकातील कथा सांगता येते आणि ती आजच्या नायकाच्या चरित्राशी विसंगत ठरत नाही. जंगलातील गस्ती दलाला आपला सेनापती कोण हे कधीच कळत नाही. दल तेच राहते, सेनापती मात्र पिढीगणिक बदलतो. अमरत्वाचा आभास आणि मर्त्यतेचे वास्तव या दोहोंना सामावून घेणारी ही चौकट मालिकाकथेच्या इतिहासात अत्यंत टिकाऊ ठरली.

फॉक यांनी परिणामही नाकारले नाहीत. अनेक दशके लांबलेला डायनाशी विवाह त्यांनी 1977 मध्ये घडविला आणि 1979 मध्ये किट व हेलॉइज ही जुळी मुले कथेत आली. वारसाच्या जन्माविना ही वंशपरंपरा पोकळ ठरली असती, हे त्यांनी ओळखले होते. स्पायडरमॅनच्या विवाहाशी तुलना करता हा फरक स्पष्ट होतो. तेथे विवाह कथेच्या मार्गात अडथळा ठरला, तर फॉक यांच्या रचनेत तो कथेची गरज होता. फॉक यांनी मृत्यूपर्यंत ही मालिका लिहिली आणि त्यांच्या पश्चात टोनी डीपॉल यांच्या लेखनातही मुलांचे मोठे होणे पुढे चालू राहिले.

या सातत्याची किंमत मात्र कोणीतरी मोजत असते. नायकाची परंपरा चारशे वर्षे अबाधित राहावयाची, तर भोवतीचे जंगल आणि तेथील लोकही चारशे वर्षे तसेच राहावे लागतात. बुटक्या बांदर जमातीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच गुहेची राखण करतात, त्याच विषारी बाणांनी लढतात आणि त्याच श्रद्धेने गोऱ्या नायकाकडे पाहतात. नायकाच्या घराण्याला बखर आहे, परंतु बांदरांची बखर कोणी लिहिलेली नाही. 1960 च्या दशकात फॉक यांनी लमांडा लुआगा हा लोकनियुक्त अध्यक्ष कथेत आणून या देशाला आधुनिक राजकारण दिले, हे त्यांच्या श्रेयाचे म्हणावे लागेल. परंतु तो बदल राजधानीपुरताच राहिला आणि जंगल गोठलेलेच राहिले. भंडारा जिल्ह्यातील वाचकाने तरी ही उणीव ओळखावयास हवी. तुमसरजवळचा आंबागड किल्ला देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदच्या काळातला आहे. वनप्रदेशातही राज्ये उभी राहतात, सत्तांतरे होतात आणि इतिहास घडतो, याची साक्ष त्याच्या भिंती देतात. ज्या प्रदेशाने असा इतिहास पाहिला आहे, तेथील वाचकाने जंगलातील माणसे इतिहासहीन असतात ही समजूत केवळ कथेच्या सोयीसाठी स्वीकारण्याचे कारण नाही.

मराठीतील वेताळ

बेनेट, कोलमन आणि कंपनीने मार्च 1964 पासून ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे प्रकाशन सुरू केले आणि 1990 मध्ये ते थांबले. मराठीत फँटमला ‘वेताळ’ हे नाव मिळाले. या नावाने नायकाला एक आयता पूर्वेतिहास बहाल केला. मराठी मनात वेताळ हा भुतांचा अधिपती आहे, विक्रमाच्या खांद्यावरचा कथेकरी आहे आणि कोकण-गोमंतकात तो गावाची राखण करणारा देवही आहे. राखणदार, न मरणारा आणि भीतियुक्त आदराचा विषय असे तीनही अर्थ एका शब्दात एकवटले. अनुवादित नायक मराठी वाचकाला परका वाटला नाही, याचे श्रेय बऱ्याच अंशी या नामकरणास द्यावे लागेल.

प्रकाशनाने केलेले इतर बदलही सातत्याच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहेत. मूळ कथेतील देशाचे नाव बंगालशी जुळणारे असल्यामुळे ते ‘डेंकाली’ असे करण्यात आले. चाच्यांच्या टोळीचे ‘सिंग’ हे नाव भारतीय वाचकाच्या भावना दुखावू नयेत म्हणून ‘सिंगा’ झाले. मूळ मालिकेचा भूगोलही फॉक यांनी हळूहळू हिंदी महासागराच्या परिसरातून आफ्रिकेकडे सरकविला होता. अशा प्रकारे आधीच डळमळीत असलेला भूगोल भाषांतरात आणखी एकदा बदलला. शिवाय वेगवेगळ्या दशकांत लिहिलेल्या कथा मराठीत मूळ क्रमाने येत नसत. विल्सन मॅकॉय यांनी रेखाटलेली जुनी कथा आणि साय बॅरी यांनी रेखाटलेली नंतरची कथा पाठोपाठच्या अंकांत येऊ शके. वाचकाच्या दृष्टीने चेहरा बदले, मुखवटा मात्र तोच राही.

यात आणखी एका वस्तुस्थितीची भर घालावी लागेल. मुंबईत छापलेला प्रत्येक अंक शेकडो किलोमीटर दूर असलेल्या भंडारा, साकोली वा पवनीच्या वाचकाला क्रमाने मिळेलच, अशी खात्री देता येत नव्हती. हाती येणारा अंक अनेकदा कोणीतरी आधी वाचलेला, मुखपृष्ठ गेलेला, मधलाच कोणतातरी असे. अशा वाचकासाठी लेखकाने योजलेला क्रम अस्तित्वातच नव्हता. त्याच्याजवळ काही तुकडे होते आणि त्यांतून संपूर्ण चरित्र त्याने स्वतः जुळवावयाचे होते. फॉक यांची वंशपरंपरेची रचना नेमकी येथे उपयोगी पडली. दोन अंकांतील वेताळ जुळत नसेल, तर तो कदाचित याचा आजा किंवा पणजा असेल, असे समाधान वाचकाला करून घेता येत असे. जी रचना निर्मात्याने स्वतःच्या सोयीसाठी केली होती, ती दूरच्या वाचकाच्याही उपयोगी आली.

आबिद सुरती : मोडलेली शपथ

आबिद सुरती यांनी 1976 मध्ये ‘इंद्रजाल’साठी बहादूर हा भारतीय नायक निर्माण केला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी त्याला रूप दिले. केशरी कुर्ता आणि जीन्स या वेशातच त्याची दुहेरी ओळख सूचित होते. बहादूरचा पिता भैरवसिंह हा डाकू. विशाल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने तो मारला जातो. मुलगा सूड घेण्याची प्रतिज्ञा करतो. परंतु पित्याच्या कृत्यांचे खरे स्वरूप उमगल्यावर तो सूड सोडून देतो आणि डाकूंपासून गावांचे रक्षण करण्यासाठी नागरिकांचे सुरक्षा दल उभारतो. ज्याला मारावयाचे होते तोच विशाल पुढे त्याचा सहकारी होतो.

वेताळ आणि बहादूर यांच्या प्रारंभकथा शेजारी ठेवून वाचल्या असता सुरती यांच्या कल्पनेचे महत्त्व ध्यानात येते. दोन्हींच्या मुळाशी पित्याचा मृत्यू आहे आणि दोन्हींत मुलगा प्रतिज्ञा करतो. फॉक यांचा नायक प्रतिज्ञा पाळतो आणि ती वंशजांना देतो. सुरती यांचा नायक प्रतिज्ञा मोडतो आणि तिच्या मोडण्यातूनच नायक होतो. वेताळाला पूर्वजांचा अभिमान बाळगता येतो, बहादूरला मात्र पित्यावर प्रेम करीत असतानाच त्याचा निवाडाही करावा लागतो. येथे भूतकाळ हा मिरविण्याचा वारसा राहत नाही, तो फेडावयाचे ऋण बनतो. चंबळच्या प्रश्नाचा तत्कालीन संदर्भ पाहता ही कल्पना अधिकच अर्थपूर्ण वाटते. विनोबा भावे यांनी 1960 मध्ये आणि जयप्रकाश नारायण यांनी 1972 मध्ये चंबळच्या खोऱ्यात डाकूंचे आत्मसमर्पण घडवून आणले होते. माणूस आपल्या भूतकाळाकडे पाठ फिरवू शकतो काय, हा प्रश्न त्या काळी सार्वजनिक चर्चेचा विषय होता. सुरती यांनी तो डाकूच्या मुलाच्या रूपाने बालवाचकांपुढे ठेवला.

परंतु प्रारंभी ठेवलेला हा प्रश्न मालिकेत शेवटपर्यंत टिकला नाही. पुढे बहादूरच्या कथांचे लेखन जगजित उप्पल यांच्याकडे आले. दल, जयगढ हे गाव, बेला ही सहचरी आणि विशाल ही सामग्री कायम राहिली. बाह्य सातत्य निर्दोष होते. मात्र साहसांची व्याप्ती वाढत गेली तसतसा डाकूचा मुलगा मागे पडला आणि कार्यक्षम दलप्रमुख पुढे आला. ज्याच्या गोळीने पिता मेला त्याच्याशी रोज सहकार्य करताना मुलाच्या मनात काय चालते, हा या मालिकेतील खरा दीर्घकथेचा विषय होता. तो विषय पहिल्या कथांतच निकालात निघाला. नावे, स्थळे व नाती जुळविणे म्हणजे सातत्य राखणे नव्हे, हे बहादूरच्या उदाहरणावरून दिसून येते. नायकाच्या जन्माशी निगडित असलेली वेदना पुढच्या लेखकाने विसरली, तर तपशील अचूक असूनही नायक दुसराच होतो.

भा. रा. भागवत : स्वभावाचे सातत्य

भास्कर रामचंद्र भागवत (1910-2001) यांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा मुलगा. पुण्याच्या विद्या भवनात शिकणारा, सायकलवर सुसाट जाणारा आणि जिभेने ‘ट्टॉक’ असा आवाज काढणारा. मामेबहीण माली, मित्र सुभाष देसाई हे त्याचे सोबती. जूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या भागवतांना साहसकथेची जाण होती आणि ‘बालमित्र’ मासिकाच्या संपादनामुळे बालवाचकाचीही. फास्टर फेणेची मालिका वीस पुस्तकांपर्यंत विस्तारली.

या मालिकेतील काळाचे गणित तर्काला पटणारे नाही. ‘जवानमर्द फास्टर फेणे’मध्ये 1962 च्या चिनी आक्रमणाची पार्श्वभूमी आहे. त्यानंतर देश बदलत गेला, कथांची स्थळे पुण्यापासून काश्मीरपर्यंत गेली, परंतु फेणे शाळेतच राहिला. राष्ट्राचा काळ पुढे जातो आणि मुलाचा काळ थांबतो. फॉक यांनी अशा पेचासाठी वंशावळ रचली असती, तर स्टॅन ली यांनी मुलाला महाविद्यालयात धाडले असते. भागवतांनी यांपैकी काहीही केले नाही आणि त्याचे स्पष्टीकरणही दिले नाही.

तरीही वाचकाला फसविले गेल्याची भावना होत नाही. याचे कारण भागवतांनी सातत्य सोपविले ते स्वभावाकडे. फेणेची चौकसबुद्धी, भिडस्तपणाचा अभाव, दुबळ्याच्या बाजूने उडी घेण्याची सवय आणि विचार करताना निघणारा तो एक आवाज या गोष्टी प्रत्येक पुस्तकात पहिल्या काही पानांतच भेटतात. मागील पुस्तक वाचले नसले तरी मुलगा ओळखीचा होतो. त्याच्यामागे मृत पिता नाही, प्रतिज्ञा नाही, मुखवटाही नाही. त्यामुळे लक्षात ठेवावे असे भूतकाळाचे ओझेही नाही. ग्रंथालयातून जे पुस्तक मिळेल तेथून आरंभ करणाऱ्या तालुक्याच्या गावच्या मुलासाठी ही रचना सर्वांत उदार होती. तिची मर्यादाही तितकीच उघड आहे. ज्या मुलाने युद्ध जवळून पाहिले, तो पुढच्या पुस्तकात त्या अनुभवाने किंचितही बदललेला दिसत नाही. साहस त्याला स्पर्श करून जाते, परंतु त्याच्यावर खूण ठेवीत नाही.

आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘फास्टर फेणे’ या 2017 च्या चित्रपटाने ही मर्यादा ओलांडण्याचा प्रयत्न केला. अमेय वाघ यांनी साकारलेला हा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येणारा तरुण आहे आणि दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेले भा. रा. भागवत स्वतःच त्याच्या कथेत पात्र म्हणून वावरतात. निर्मात्याला नायकाच्या सान्निध्यात बसविणे ही कल्पना सूचक आहे. लेखकाच्या निधनानंतर नायकाचे वय वाढवावयाचे असेल, तर त्यासाठी जणू लेखकाची संमती कथेतच मिळवावी लागते, असा अर्थ त्यातून निघू शकतो.

तौलनिक विचार

वरील तीनही लेखकांची तुलना करताना कोणत्या मालिकेत चुका किती, असा निकष लावणे अपुरे ठरेल. नायकाला काय आठवू दिले आहे आणि काय विसरू दिले आहे, हा निकष अधिक फलदायी आहे. फॉक यांचा नायक आपले घराणे आठवतो, परंतु ज्यांच्यामध्ये तो राहतो त्या लोकांचा इतिहास त्याच्या बखरीत येत नाही. सुरती यांचा नायक आपल्या पित्याचा अपराध आठवून जन्मतो आणि मालिका लांबत जाते तसा तो विसरतो. भागवतांचा नायक काहीच आठवत नाही, परंतु आपला स्वभाव कधी सोडत नाही. रचनेच्या दृष्टीने फॉक सर्वांत कुशल, नैतिक आशयाच्या दृष्टीने सुरती यांचा प्रारंभ सर्वांत सखोल आणि वाचकाशी असलेल्या नात्याच्या दृष्टीने भागवत सर्वांत प्रामाणिक, असे म्हणता येईल.

या तुलनेत वाचकाचे स्थानही लक्षात घ्यावे लागेल. कथासातत्याचा सिद्धान्त बहुतांशी सर्व अंक क्रमाने विकत घेणाऱ्या वाचकाला गृहीत धरून मांडला गेला आहे. स्टॅन ली यांच्या टिपा ज्या अंकाकडे निर्देश करतात, तो अंक वाचकाला मिळू शकतो हे त्यात गृहीत आहे. जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या ठिकाणचा मराठी वाचक या गृहीतकात बसत नव्हता. त्याने सुटे अंक वाचले, मधल्या कथा कल्पनेने भरल्या, मित्राने सांगितलेला अंक स्वतः वाचल्यासारखा स्मरणात ठेवला. मालिकेचे सातत्य लेखकाच्या आराखड्यात जितके होते, तितकेच ते या वाचकाच्या जुळवाजुळवीत होते. मंडईतील प्रेक्षक दंडारीच्या पात्राला ज्या सहजतेने स्वीकारतो, त्याच सहजतेने त्याने दोन अंकांतील विसंगती पोटात घातली. आज संपूर्ण संच संगणकावर क्रमाने वाचणे शक्य झाले असताना या वाचनपद्धतीला केवळ अभाव मानणे योग्य होणार नाही. अपुऱ्या साधनांतून पूर्ण कथा उभी करण्याचे ते एक कौशल्य होते.

निष्कर्ष

1. मालिकाकथेतील सातत्य केवळ तपशिलांच्या जुळणीने सिद्ध होत नाही. नायकाच्या प्रारंभकथेतील मूळ प्रश्न पुढील कथांत जिवंत राहणे ही त्याची खरी कसोटी होय. या कसोटीवर बहादूरची मालिका उत्तम प्रारंभ असूनही अपुरी ठरते.

2. ली फॉक यांची वंशपरंपरेची रचना काळाचा पेच सोडविणारी सर्वांत समर्थ रचना आहे. मात्र नायकाचे सातत्य टिकविण्यासाठी वनवासी समाजाला इतिहासाबाहेर ठेवण्याची किंमत तीत मोजली गेली आहे. मराठी वाचकाने या रचनेचे कौतुक करताना तिची ही बाजू दृष्टिआड करू नये.

3. भा. रा. भागवत यांनी सातत्याचा भार घटनांऐवजी स्वभावावर टाकला. क्रमाने पुस्तके न मिळणाऱ्या वाचकासाठी ही पद्धत सर्वांत सोयीची ठरली, परंतु अनुभवाने बदलणारा बालनायक तिने मराठीला दिला नाही.

या तीनही पद्धतींतील गुण एकत्र आणणारा नायक मराठी चित्रकथेला अद्याप लाभलेला नाही. बहादूरप्रमाणे स्वतःच्या भूतकाळाचा निवाडा करणारा, फेणेप्रमाणे पहिल्याच पानावर ओळख पटविणारा आणि ज्याच्या भोवतालच्या माणसांनाही वेताळाइतकाच दीर्घ इतिहास आहे, असा तो नायक असावा लागेल. झाडीपट्टीसारख्या जंगल, तलाव आणि जुन्या राजवटींच्या खुणा जपणाऱ्या प्रदेशात अशा कथेसाठी सामग्रीची उणीव नाही. बांदरांची न लिहिलेली बखर लिहिण्याचे काम अशाच एखाद्या प्रदेशातील लेखकाकडून होण्याची शक्यता अधिक आहे.